अक्काच्या नाकाचं छत

कमलम्माच्या मेसमध्ये कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. मी दोन वर्षं तिथं जेवलो आणि दोन्ही वर्षं मी 'मुखेड' होतो, कारण माझं गाव मुखेड. शेजारी बसणारा 'लोहा', समोरचा 'औसा', त्याच्या पलीकडं 'देगलूर'. "ए मुखेड, भाकर घे. लोहा, पान साफ कर आधी." निलंग्याच्या पोरी दोन निघाल्या, म्हणून त्यातल्या एकीला नाइलाजानं तिच्या नावानं, म्हणजे वर्षाराणी म्हणून, हाक मारावी लागे. आम्ही सगळे कमलम्माला अक्का म्हणायचो आणि तिच्या नवऱ्याला, शंकरप्पाला, अप्पा.

आम्ही लातूरला डॉक्टर व्हायला आलो होतो. त्या वर्षांत अर्धा मराठवाडा डॉक्टर व्हायला लातूरला यायचा. ट्यूशन एरियातल्या भिंतींवर मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो असत, आणि त्या फोटोंखालून आम्ही पहाटेपासून पाठीला दप्तरं लावून ह्या क्लासातून त्या क्लासात पळत असू. फोटोत नसलेल्यांना भूक लई लागते, असं अक्का म्हणायची. वाढताना ती "साकु?" असं विचारायची. साकु म्हणजे कानडीत पुरे. पण पुरे म्हटलं तरी अर्धी भाकरी पडायचीच. तिचं माहेर उदगीरकडचं, त्यामुळं बोलण्यात असे दोन-चार कानडी शब्द येत. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून भरभक्कम.

नवरा-बायको मूळचे औसा तालुक्यातले शेतकरी. किल्लारीच्या भूकंपात घर गेलं, दोघं वाचली. काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढून ती लातूरला आली आणि पोरांची गर्दी बघून त्यांनी मेस काढली. अक्कानं भूकंप मागं टाकला. अप्पाला मात्र ते जमलं नाही. त्याचा छतांवरचा विश्वासच उडाला होता. कुणाच्या घरी गेला तरी आधी वर बघायचा, भिंतीवर टिचकी मारायचा आणि मगच दाराजवळच्या जागेवर टेकायचा. एकदा तो एका लग्नात मांडवाचे खांब हलवून बघत होता, तेव्हा वरपक्षाच्या लोकांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं होतं. मेसवर त्यानं हट्टानं पत्रे घातले होते. उन्हाळ्यात आम्ही खाली भाजून निघायचो, पण अप्पा म्हणायचा, "पत्रा पडला तर टेंगूळ येतं. स्लॅब पडला तर तेरावा येतो."

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परतलो तेव्हा अक्काला सर्दी झाली होती. सर्दी चमत्कारिक होती. शिंक नाही, खोकला नाही, घसा ठणठणीत. फक्त उजव्या नाकपुडीतून पाणी. ताठ बसली की बंद. काठवटीवर वाकून पीठ मळायला लागली की टप, टप, टप.

अक्का नाकावरून पदर बांधून भाकरी थापायला लागली. दरोडा घालायला निघालेली बाई मध्येच भाकरी थापायला बसली आहे, असं ते दिसायचं. ओव्याची पुरचुंडी झाली, हळदीचं दूध झालं, नाकात तूप सोडून झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी अॅलर्जीच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन अक्काला बसल्या जागी झोप येऊ लागली. हातातली भाकरी अर्धी थापून झाली की तिची मान खाली जायची, आणि मान खाली गेली की पुन्हा नळ सुरू.

"पत्र्याखालची थंडी हाय," अप्पा म्हणाला.

"मग स्लॅब घाला की," अक्का म्हणाली. अप्पानं विषय बदलला.

मग वर्षाराणीनं लक्ष घातलं. ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसत होती. तिनं जीवशास्त्राचं पुस्तक इतक्या वेळा वाचलं होतं की प्रश्नाआधी तिला पान आठवायचं. एके दुपारी आम्ही जेवत असताना ती अक्काला म्हणाली, "अक्का, तुमचा रुमाल द्या."

"माझा रुमाल कामून लागतोय तुला?"

"बघायचाय."

अक्कानं कमरेचा रुमाल काढून दिला. वर्षाराणीनं तो बोटांनी चोळला. "सर्दीचा रुमाल वाळल्यावर कडक होतो. ह्यो मऊ हाय. नुसतं पाणी हाय ह्यात."

"जेवायलोत आम्ही," औसा म्हणाला.

"खारट लागतंय का अक्का, घशात उतरलं तर?"

"लागतंय की."

"मग हे मेंदूचं पाणी हाय," वर्षाराणीनं जाहीर केलं. "मेंदूच्या भोवती पाणी असतंय. तिथून नाकात गळायलंय."

मेसमध्ये दोन पक्ष पडले. सर्दी पक्ष आणि मेंदू पक्ष. सर्दी पक्षाचं म्हणणं, मेंदूचं पाणी गळत असतं तर माणूस हिशोब विसरला असता, आणि अक्काला तर कुणी कितव्या भाकरीवर आहे हे पाठ होतं. मेंदू पक्षानं पुस्तकातून वाचून दाखवलं की मेंदूच्या पाण्यात साखर असते. अप्पाला मधुमेह होता, घरात साखर तपासायचं यंत्र होतं. अक्काला वाकवून पट्टीवर थेंब घेतला गेला. यंत्रानं साखर दाखवली. मेंदू पक्षानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सर्दी पक्षाच्या लोह्यानं स्वतःच्या नाकाला बोट लावून ते दुसऱ्या पट्टीवर टेकवलं, आणि यंत्रानं अक्कापेक्षा दुप्पट साखर दाखवली. लोह्यानं नुकतीच गुळाची पोळी खाल्ली होती हे आमच्या उशिरा ध्यानात आलं. तोवर अप्पानं ओरडून यंत्र काढून घेतलं होतं, कारण पट्ट्या संपल्या होत्या.

ह्या सगळ्यात गंमतच होती, पण ती फार दिवस टिकली नाही. एकदा वाढायला म्हणून अक्का वाकली आणि एक थेंब औशाच्या येसर आमटीत पडला. सगळ्यांनी पाहिलं. औशानं वाटीकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं.

"बदलून देते," अक्का म्हणाली.

"राहू द्या अक्का. भूक न्हाई."

औशाला भूक नसणं म्हणजे काय हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून एकेक पोरगं पलीकडच्या गल्लीतल्या मेसला जाऊ लागलं. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. क्लासची वेळ बदलली, असं सगळे सांगायचे. अक्का आता मान मागं टाकून, पत्र्याकडं बघत वाढू लागली. त्यामुळं वरण कधी वाटीत, कधी मनगटावर पडायचं. देगलूरच्या वहीच्या कव्हरवर तिनं दोनदा वाढलं. आम्ही हसलो नाही. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानाकडं चाललं होतं, आणि ते नाकातलं नव्हतं.

शेवटी शेजारच्या रईसानं तिला हाताला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. रईसाचं बांगड्यांचं दुकान मेसला लागून होतं. दोघींचं रोज एकदा भांडण आणि रोज दोनदा चहा व्हायचा. मागून अप्पा निघाला, आणि मेंदू पक्षातर्फे वर्षाराणी आणि मी.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अक्काला खुर्चीत बसवून डोकं गुडघ्यांत घालायला लावलं आणि नाकाखाली काचेची नळी धरली. नळीत पाणी साचताना बघून त्यांचा चेहरा गंभीर झाला. अप्पाचा त्याहून.

"हे तपासणीला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या अंदाजानं ही सर्दी नाही. नाकाचं जे छत असतं ना, त्याला वरून भोक पडलंय."

"नाकाला छत असतंय?" अप्पानं विचारलं.

"असतं की. नाकाचं छत म्हणजे मेंदूची जमीन. कवटीचा तळ. मेंदू त्याच्यावर बसलेला असतो."

अप्पानं वर दवाखान्याच्या छताकडं पाहिलं. मग ज्या प्रश्नावर त्याचं आयुष्य उभं होतं तो त्यानं विचारला. "कशाचं हाय? स्लॅब का मातीचं माळवद?"

"हाडाचं. पण तिथलं हाड लई पातळ असतं. चाळणीसारखं. वास कळवणाऱ्या नसा त्यातून खाली येतात."

"चाळणीवर पाणी ठेवल्यावर गळणारच की," अप्पा म्हणाला. "मिस्त्री कोण होता हिचा?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी नीट सांगितलं. पाणी गळण्यापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती. जी वाट पाण्याला खाली यायला मिळाली, तीच वाट नाकातल्या जंतूंना वर जायला मिळते. मेंदूच्या आवरणाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं. त्यांनी शिंक दाबायची नाही, नाक शिंकरायचं नाही असं बजावलं, आणि नांदेडच्या एका सर्जनचं नाव दिलं. ते नाकातूनच दुर्बीण घालून अशी भोकं बुजवत.

बाहेर आल्यावर वर्षाराणीचा चेहरा उजळला होता, कारण तिचं बरोबर निघालं होतं. मग तिनं अक्काकडं पाहिलं आणि तिचाही चेहरा उतरला.

बातमी गावी पोचली. औशाकडच्या नातेवाइकांनी एकमुखानं निकाल दिला की ही भूकंपाची भेग आहे. घरांच्या भिंतींत तेव्हा गेलेल्या भेगा कैक वर्षांनी उघडतात, मग माणसाच्या का नाही? दगडोबा नावाचे अप्पाचे थोरले चुलते मुद्दाम बसनं आले. अक्काच्या डोक्याला हात लावून म्हणाले, "किल्लारीची हाय ही."

"भूकंपात माझ्या डोक्यावर काही पडलं न्हाई, मामंजी," अक्का म्हणाली. "पडलं ते ह्यांच्या डोक्यावर. पिठाचा डबा."

सगळे अप्पाच्या नाकाकडं बघायला लागले.

तपासणीचा अहवाल आला, सीटी स्कॅन झाला, आणि जानेवारीत अक्का, अप्पा, रईसा असे तिघं अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला गेले. मी त्यांच्याबरोबर होतो, कारण मला तिथून पुढं मुखेडला घरी जायचं होतं आणि अप्पाला वाटत होतं की विज्ञानाचं पोरगं बरोबर असलेलं बरं. पूर्ण प्रवासभर अक्का खिडकीशी मान ताठ ठेवून बसली होती. लोह्याच्या स्टँडवर रईसानं तिला भजी आणून दिली. अक्कानं एक खाल्लं आणि म्हणाली, "रईसा, मी परत न्हाई आले तर मेस तू बघ."

"परत नहीं आए तो मेस के पोट्ट्यां मेरेकू बी खा जाते," रईसा म्हणाली. "भजी खाव चुपचाप."

नांदेडचे सर्जन राजशेखर स्वामी हे साठीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ. आडनावावरून आपल्यातलेच, म्हणजे लिंगायत, निघाले म्हणून अक्काला धीर आला. अप्पानं आधी दवाखान्याचा स्लॅब बघून घेतला, मग बसला. डॉक्टरांनी पडद्यावर स्कॅन लावला आणि एका काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे भोक. मसुराच्या दाण्याएवढं."

"एवढ्याशासाठी मी दोन महिने आभाळाकडं बघून वाढले?" अक्का म्हणाली.

"भूकंपाचं हाय का?" अप्पानं विचारलं.

"नाही. काही बायकांत कवटीच्या आतला दाब हळूहळू वाढतो. वजन जास्त असलं तर जास्त. पातळ हाड झिजत जातं आणि एक दिवस वाट पडते." वजन हा शब्द त्यांनी शक्य तितक्या हळू उच्चारला होता. तरी अक्कानं पदर सारखा केला.

"मग आता तिथं काय सिमेंट भरणार?" अप्पा.

"सिमेंट नाही. तिचंच मांस, तिचंच अस्तर. आधी मांडीतली थोडी चरबी काढून भोकात बोळ्यासारखी बसवायची."

अक्का पहिल्यांदा खुलली. "मांडीतली? घ्या की. हवी तेवढी घ्या. दोन्ही मांड्यांतली घ्या."

"हरभऱ्याएवढी लागते."

"एवढीच?" तिच्या आवाजात खरी निराशा होती.

मग डॉक्टरांनी मुख्य गोष्ट सांगितली. नाकाच्या मधे पडदा असतो. त्या पडद्यावर ओलसर, रक्तानं भरलेलं अस्तर असतं. ते अस्तर तीन बाजूंनी कापून सोडवायचं. चौथी बाजू, जिथून त्याला रक्त मिळतं, ती तशीच ठेवायची. मग ते वर वळवून भोकावर पसरायचं.

"कापून सरळ चिकटवा की," अप्पा म्हणाला. "एवढी वळवावळवी कशाला?"

"तुमच्या गावी पानमळे होते का?"

"चुलत्याचा होता."

"पान तोडून भिंतीला चिकटवलं तर दोन दिवसांत वाळतं. वेल मुळाशी तशीच ठेवून शेंडा वळवला आणि भिंतीवर चढवला तर?"

"तर धरतो," अप्पा म्हणाला. त्यानं मान हलवली. मला वाटतं, भूकंपानंतर पहिल्यांदाच त्याला एखाद्या बांधकामाची रीत पूर्ण पटली होती.

अक्काचा प्रश्न वेगळा होता. "डॉक्टर, पडदा कापल्यावर नाक बसणार न्हाई ना माझं? आधीच मी काळी, त्यात नाक तेवढं चांगलं हाय."

"पडद्याचं हाड नि कूर्चा जागेवर राहते. फक्त वरचं अस्तर काढतो, ते पुन्हा येतं. नाक आहे तसं राहील. वास मात्र काही दिवस येणार नाही. सगळाच परत येईल अशी हमी देता येत नाही."

वासावर तिचा सगळा धंदा होता. आमटी चाखून बघायची तिची पद्धत नव्हती. उकळी आली की झाकण उचलायची, एक श्वास घ्यायची आणि मीठ टाकायची. तिनं रईसाकडं पाहिलं. मग म्हणाली, "जीव राहिला तर वासाचं बघू."

ऑपरेशनच्या सकाळी एक पेच झाला. नर्सबाई सगळे दागिने उतरवून घेत होत्या. मंगळसूत्र गेलं, जोडवी गेली. गळ्यातलं इष्टलिंग काढायला अक्का तयार होईना. "हे अंगावरून उतरत न्हाई," ती म्हणाली. नर्स म्हणाली, धातूचं काही चालत नाही. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, आणि चांदीची करडी, म्हणजे लिंगाची डबी, काढून लिंग तेवढं स्वच्छ कापडात गुंडाळून तिच्या दंडाला पट्टीनं बांधलं. "अंगावरच आहे," ते म्हणाले. अक्का त्यांच्या हाताकडं बघत राहिली. मग मुकाट्यानं गाडीवर आडवी झाली.

मी गावाला गेलोच नाही. अप्पा बाहेरच्या बाकावर बसून होता. एरवी तो छताकडं बघत राहिला असता, पण त्या दिवशी त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. दाराखालच्या फटीकडं बघत होता. रईसा तसबीहची माळ ओढत होती. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "झालं. वेल चांगली बसली."

अप्पा उठला, आणि त्यानं डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

नाकात बोळे असल्यामुळं पुढचे काही दिवस अक्काला बोलता येत नव्हतं. तोंडानं श्वास घ्यायचा, त्याच तोंडानं बोलायचं, ते जमेना. अप्पाच्या म्हणण्याप्रमाणं लग्नानंतर इतकी शांतता घरात प्रथमच झाली होती आणि ती त्याला अजिबात आवडली नाही. तो तिच्या उशाशी बसून स्वतःच प्रश्न विचारायचा आणि तिच्या वतीनं स्वतःच स्वतःला शिव्या द्यायचा.

सुट्टी देताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. सहा आठवडे वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही. उशी उंच घ्यायची. शौचाला जोर करायचा नाही. नाक शिंकरायचं नाही. आणि शिंक आलीच तर तोंड बंद ठेवून दाबायची नाही, तोंड मोठं उघडून सोडायची. दाब वर गेला तर बसवलेलं उचकटू शकतं.

ही पथ्यं कुठल्याही घरात पाळता आली असती. मेसमध्ये, जिथं दिवसातून दोनदा लाल मिरचीची फोडणी बसायची, तिथं अवघड होतं.

अक्का परत आल्यावर मेसचं स्वयंपाकघर रईसाच्या ताब्यात गेलं. हे लिंगायताचं घर, तिथं मांस-अंड्याचा प्रश्नच नव्हता, आणि तो रईसानंही काढला नाही. पण बघारे बैंगन केले. खट्टी दाल केली. फोडणी मात्र ती स्वतःच्या घरी देऊन, झाकण लावून कढई आणायची. अक्का अंगणात खुर्चीत ताठ बसून हुकूम सोडायची. तिला वास येत नव्हता, त्यामुळं आत काय चाललंय ते आमच्या तोंडाकडं बघूनच कळायचं. आणि आमच्या तोंडावर जे दिसत होतं ते तिला बरं वाटत नव्हतं. पलीकडच्या मेसला गेलेली पोरं परत यायला लागली होती. औसासुद्धा आला. क्लासची वेळ पुन्हा बदलली, असं म्हणाला.

"कसं हाय वांगं?" अक्कानं मला विचारलं.

"बरं हाय," मी सावधपणे म्हणालो.

"बरं हाय तर तिसऱ्यांदा कामून घ्यायलास?"

शिंक आली ती एका सोमवारी. गल्लीच्या तोंडाला मिरची कांडायची गिरणी होती आणि वारा आमच्याकडं फिरला. आधी लोहा शिंकला. मग देगलूर. मग आम्ही सगळ्यांनी एकदमच अक्काकडं पाहिलं. तिचे डोळे बारीक झाले होते, नाक फुगलं होतं, एक हात हवेत वर गेला होता.

"तोंड उघडा अक्का," वर्षाराणी ताटावरून उठून म्हणाली.

"उघडा, उघडा," चाळीस पोरं म्हणाली.

अप्पा आतून पळत आला आणि बायकोसमोर उभा राहून त्यानं स्वतःचंच तोंड उघडलं, तिला कळावं म्हणून. अक्कानं तोंड उघडलं. जी शिंक आली ती नाकाची शिंक नव्हती, ती छातीतून निघून सरळ अप्पाच्या तोंडावर आदळली. पाठोपाठ दुसरी. मग तिसरी.

"वाका जरा," कुणीतरी म्हणालं.

"वाकायचं न्हाई, येड्या," वर्षाराणीनं त्याला गप्प केलं.

अक्का ताठ बसून राहिली. बोटानं वरचा ओठ चाचपला. कोरडा होता. अप्पानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि इतक्या समाधानानं पुसलं की जणू कुणी गुलाल टाकला होता.

तपासणीसाठी पुन्हा नांदेडला जायचं होतं. ह्या वेळी वर्षाराणीनं हट्ट धरला. रोग तिनं ओळखला होता, दुरुस्ती बघायचा तिचा हक्क होता. डॉक्टरांनीही कौतुकानं तिला आत घेतलं. त्यांनी बारीक दुर्बीण अक्काच्या नाकात घातली आणि समोरच्या पडद्यावर आतला भाग दिसायला लागला. खपल्या, ओलावा, वळणं, आणि वर, छताला घट्ट बसलेलं गुलाबी अस्तर.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. "रक्त चांगलं खेळतंय. धरलंय."

"हे माझं हाय?" अक्का पडद्याकडं बघत म्हणाली. "आतून इतकी गोरी हाय मी?"

डॉक्टर खपली काढायला चिमटा आत घालत होते. एवढ्यात मागं धप्प असा आवाज झाला. वर्षाराणी अप्पाच्या पायांवर पडली होती. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की दुपारी काही खाल्लं नव्हतं. ते खरं नव्हतं. लोह्याच्या स्टँडवर तिनं दोन प्लेट भजी खाल्ली होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. अहमदपूरच्या अलीकडं ती अक्काला म्हणाली, "अक्का, मला वाटतंय मला नुसतं वाचायलाच आवडतंय हे."

"मग वाच की," अक्का म्हणाली. "वाचायला कोण नको म्हणतंय? चिमटा धरायला दुसरे हायेत."

त्या वर्षी वर्षाराणीला मेडिकलला नंबर लागला नाही. तिनं घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण रडली नाही एवढं मी पाहिलं. आता ती देगलूरला बँकेत आहे. माझाही नंबर लागला नाही. मी लोह्याला शाळेत विज्ञान शिकवतो. औसा मात्र डॉक्टर झाला, आणि तोही कान-नाक-घशाचा. तो म्हणतो, हा योगायोग आहे.

अक्काचं पाणी थांबलं ते थांबलंच. वास मात्र येत नव्हता. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. तिला स्वयंपाकाची परवानगी मिळाली होती, पण आमटीत मीठ किती पडलं हे ती रईसाला विचारायची, आणि तेवढं तिच्या जिवावर यायचं. रोज सकाळी उदबत्ती नाकाशी धरायची. लसूण चेचून हुंगायची. कापूर, ओवा, हिंग. काहीच नाही. "नाक नुसतं शोभेला राहिलं," म्हणायची.

एप्रिलच्या एका दुपारी आम्ही जेवत होतो. दाराशी आमचे बूट आणि मोजे पडलेले. ऊन असं की पत्रे वाजत होते. अक्का पाण्याचा हंडा घ्यायला दाराकडं गेली आणि तिथंच थांबली. मान फिरवली. एक पाऊल पुढं गेली. मग हंडा खाली ठेवून, चाळीस पोरांच्या मोज्यांसमोर ती उभी राहिली आणि तिनं लांब श्वास घेतला.

"शी," ती म्हणाली. "शी. मायला, काय घाण वास हाय."

पुन्हा घेतला श्वास. आणि रडायला लागली.

अप्पानं तिला मागून पाहिलं ते फक्त नाक पुसताना. त्याच्या हातातली परात खाली पडली. "गळायलंय," तो म्हणाला, "पुन्हा गळायलंय. ए मुखेड, नांदेडला फोन लाव." मी उठलो, लोहा उठला, रईसा कढई तशीच टाकून आली. अक्का हुंदके देत हात हलवून आम्हाला थांबवत होती, पण तिला बोलता येत नव्हतं आणि नाकातून खरोखरच पाणी येत होतं, दोन्ही नाकपुड्यांतून. दोन्ही नाकपुड्या पाहिल्यावर वर्षाराणीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"अप्पा, रडायल्यात त्या. नुसत्या रडायल्यात."

"कशाला रडायलीस?" अप्पानं विचारलं.

"ह्यांच्या मोज्यांचा वास यायलाय हो," अक्का म्हणाली.

सगळा वास परत आला नाही. कापूर तिला अजूनही नीट कळत नाही म्हणे. पण आमटीपुरता आला. स्वयंपाकघर तिनं रईसाकडून परत घेतलं. त्यावरून दोघींचं एक मोठं भांडण झालं, कारण पोरांनी मंगळवारी बघारे बैंगनच हवं म्हणून धरून ठेवलं होतं. शेवटी मंगळवार रईसाकडं राहिला. अक्का त्या दिवशी सुट्टी घेते आणि सगळ्यांच्या आधी पाट मांडून पंगतीला बसते. रईसा वाढायला येते. अक्का ताटावर हात धरते आणि म्हणते, "साकु."

रईसा ऐकत नाही.